पहिला मणी लाल

वर्षा गेल्याचा फोन तिच्या सासूनं केला. मी खामगावात होते, आशा सेविकांच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणाला. समोर मॅडम रक्तक्षयावर बोलत होत्या आणि मी वहीत उतरवून घेत होते. फोन थरथरला, नाव दिसलं आत्याबाईंचं. वर्षा सासूला आत्याबाई म्हणायची म्हणून मीही म्हणायचे; पण ही बाई स्वतःहून मला फोन करणारी नव्हे. बाहेर जाऊन उचलला. "संगीता, वर्षी गेली वं," त्या म्हणाल्या, आणि त्याच दमात पुढं, "तीन दिवसांपासून बाहेर बसली होती, आमी कोनी हात बी नाही लावला तिले. आमचा काही दोष नाही." बातमी आणि सुटका, दोन्ही एकाच वाक्यात उरकलं. आत मॅडम विचारत होत्या, गर्भवतीला लोहाच्या गोळ्या किती दिवस द्यायच्या, आणि साऱ्याजणी एका सुरात उत्तर देत होत्या.

त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे, ती मला जमणार नाही. मी वर्षावर रागावलेली आहे, तिच्या सासूवर रागावलेली आहे आणि माझ्यावर तर इतकी की सकाळी आरशात कुंकवाची टिकली लावताना तोंड बघवत नाही. पण कुणीतरी लिहायला पाहिजे, नाहीतर गावानं तिची गोष्ट दोन शब्दांत मिटवलीच आहे. आधी म्हणायचे 'वांझोटी', आता म्हणतात 'बिचारी'.

आम्ही दोघी एकाच गावच्या लेकी, खामगावकडच्या. शाळेत एकाच बाकावर. वर्षाची एक खोड तेव्हापासून होती, सांगितलेलं तंतोतंत करायची. चौथीत गुरुजींनी तिला एकदा दाराबाहेर उभं केलं, "मी बोलावल्याबिगर आत यायचं नाही." गुरुजी विसरले, शाळा सुटली, गुरुजी सायकलवर बसून घरी गेले आणि ही दिवेलागणीपर्यंत तिथंच उभी. मी तिला ओढायला गेले तर म्हणते कशी, "त्यायनं बोलावलं नाही नं अजून!" मी तिला तेव्हा एक धपाटा घातला होता. पुढं आम्हा दोघींचं लग्न एकाच उन्हाळ्यात, संग्रामपूर तालुक्यातल्या एकाच गावात झालं. मी विहाराजवळच्या वस्तीत आले, ती वरच्या आळीत, वांगी-मेथी पिकवणाऱ्या चांगल्या खात्यापित्या घरात. एस.टी.त बसून माहेरी जाताना आम्ही एकाच सीटवर बसायचो. गावात उतरलो की तिची वाट वेगळी, माझी वेगळी.

आमच्या घरात विटाळ नाही. माझ्या आजीनं घरातले देव बाहेर काढले तेव्हा विटाळही त्यांच्याबरोबरच गेला. पाळीच्या दिवसांत मी भाकरी थापते, विहारात जाते, कोणाला पत्ताही नसतो. वर्षाच्या घरी चार दिवस बाहेर बसायचं, म्हणजे घरामागच्या कुटाराच्या, गुरांच्या भुशाच्या खोलीत. तिथंच जेवण, तिथंच झोप, आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन मग आत. त्या खोलीत एक कोनाडा होता आणि त्यात एक कानतुटका कप. त्या चार दिवसांत तिला चहा त्या कपात मिळायचा. मी आशाच्या कामाला त्यांच्या घरी गेले की ओसरीवर बसायचे, ओसरीच्या आत माझं पाऊल कधी पडलं नाही, आणि माझा चहा यायचा तोही त्याच कपात. तिचा महिन्याचे चार दिवस, माझा बाराही महिने. हे आम्हाला एकदा कळलं तेव्हा इतक्या हसलो आम्ही... वर्षा म्हणाली, "संगे, तू तर माह्यी उष्ट्याची बहीण झाली वं." ती पाळीत असली की मी मागच्या गल्लीनं सरळ त्या खोलीत जाऊन कुटाराच्या पोत्यावर बसायचे. त्या घरातली मला मोकळी असलेली तेवढीच एक खोली होती.

मूल होईना. दोन वर्षं झाली, पाच झाली, पंधरा झाली. आत्याबाईंनी सगळं करून पाहिलं, म्हणजे वर्षाकडून करून घेतलं. उपास, अंगारे, कडू काढे, एकदा तर कोणाच्यातरी सांगण्यावरून सात दिवस नुसतं ताक. वर्षा सांगितलं तसं करायची. नवरा प्रल्हादभाऊ ट्रक चालवायचा, खामगावहून कापसाच्या गाठी घेऊन दूरदूर जायचा, महिन्यातून एकदा-दोनदा घरी. मी त्याला ओसरीवरूनच म्हटलं होतं, तुम्हीही तपासून घ्या. तो म्हणाला, "माह्यात काय खोट हाय का, ताई?" आणि चप्पल घालून निघून गेला. मग एका आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी जमलेल्या, झोके बांधलेले, आणि आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की अजून तीन आखज्या पाहीन, नाहीतर जामोदकडची पोरगी आणीन. नुसतं बोलून दाखवणं नव्हे, पोरगी खरंच पाहून ठेवलेली होती. वर्षा त्याच वेळी आतून पुरणपोळीचं ताट घेऊन आली होती. तिनं ते वाढलं, वरून तूप घातलं, सगळ्यांना पुरलं की नाही तेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली, माझ्या चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "मले घर नाही सोडायचं संगे. काहीबी सांग, मी करतो." आणि मी सांगितलं! मला फार येत होतं ना. आमच्या प्रशिक्षणात एकदा मण्यांची माळ दाखवली होती. बत्तीस मणी आणि वर सरकणारं एक रबरी कडं. पहिला मणी लाल, म्हणजे पाळीचा पहिला दिवस. मग सहा तपकिरी. मग बारा पांढरे, म्हणजे गर्भ राहू शकतो ते दिवस. मग पुन्हा तपकिरी. रोज कडं एक मणी पुढं. पाळी आली की कडं कुठंही असो, परत लालवर. ही माळ खरं तर मूल नको असणाऱ्यांसाठी, पांढऱ्या दिवसांत जपून राहावं म्हणून. मी म्हटलं, आपण उलटी वापरू. खामगावच्या बाजारातून मणी आणले, मीच ओवली. वर्षाची पाळी सव्वीस दिवसांवर यायची. मी तिला सांगितलं, पहिला पांढरा मणी आला की नवऱ्याला फोन कर, तो दोन दिवसांत पोचतो, बरोबर मोक्यावर येईल. तिनं माळ पदरात बांधून नेली. मी खूष होते. स्वतःला अर्धी डॉक्टरीण समजत होते.

माळ घरी गेली आणि आत्याबाईंनी ती पाहिली. त्यांना ती आवडली! माळ म्हटल्यावर ती जपाचीच. त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि देवघरात खिळ्याला टांगली. रोज सकाळी पूजा झाली की ओल्या हातानं कडं त्याच सरकवू लागल्या. पहिला पांढरा मणी आला की प्रल्हादभाऊला फोन जायचा, "माळ पांढरी झाली, ये." बस्स, एवढंच. ट्रकवरच्या क्लीनरलासुद्धा ते वाक्य पाठ झालं होतं म्हणे. तो यायचा, तोंड पाडून जेवायचा, तीन दिवस राहायचा, जायचा. वर्षानं मला एकदा सांगितलं, "आता हे माह्याशी बोलत बी नाही संगे. ड्यूटी लागल्यासारखे येतात." हे फोनचं, त्याच्या येण्याजाण्याचं मला तुकड्यातुकड्यानं कळायचं. एक तेवढं कळलं नव्हतं, की माळ देवघरात आहे आणि कडं आत्याबाई सरकवतात. मला वाटायचं तिच्या पेटीत असेल. ओसरीवरून देवघर दिसत नाही.

अडीच वर्षं! अडीच वर्षं हे चाललं. दर महिन्याला मी विचारायचे, "कडं रोज सरकवतं नं वं?" आणि ती म्हणायची, "हाव, रोज सरकते." 'मी सरकवतो' नाही, नुसतं 'सरकते'. त्या एका अक्षरात सगळं होतं आणि ते माझ्या कानात शिरलं नाही. दोन-तीनदा पाळी दोन दिवस लांबली तर आत्याबाई माझ्याकडून तपासणीची कांडी मागवायच्या, एकच रेघ आली की ती कांडी वर्षाच्या पुढ्यात आपटायच्या. "दगड हाय घरात, दगड!" हे मी ओसरीवर बसून माझ्या कानांनी ऐकलं आहे. मी काय केलं? कप विसळून ठेवला आणि उठले.

कळलं ते गेल्या दिवाळीनंतर. तिसरी आखजी सहा महिन्यांवर आलेली. ती कुटाराच्या खोलीत बसलेली, मी पोत्यावर, दोघी तूर सोलत होतो. मी सहज म्हटलं, "कधी आली? काल? म्हणजे आज कडं दुसऱ्या मण्यावर."

"दुसऱ्या कायचं? लालवर बी नाही आलं अजून."

"काऊन?"

"मी बाहेर हावो नं. देवाजवळची माळ हाय. पाचव्या दिवशी न्हाऊन आत गेली की आत्याबाई लालवर आनतात. तोवर ते जाग्यावरच उभं."

मी तिला विचारलं, पहिल्यापासून असंच? ती म्हणाली, पहिल्यापासून. "बाहेरचे चार दिवस मी घरात नसतोच संगे. मंग ते घरच्या माळीत कसे मोजतीन?" तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. तिच्या घरात बाईचा महिना न्हाण्यापासून सुरू होतो, माझ्या घरात रक्तापासून, आणि आम्ही दोघी अडीच वर्षं एकच शब्द वापरत होतो, पहिला दिवस. मी बोटांवर मोजलं. चार दिवसांची चूक. पहिला पांढरा मणी आठव्याऐवजी बाराव्या दिवशी, त्यावर दोन दिवस ट्रकचे. सव्वीस दिवसांची पाळी असणाऱ्या बाईचं अंडं बाराव्याच्या आसपास सुटतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणजे प्रल्हादभाऊ दर महिन्याला, न चुकता, सगळं संपल्यावर येत होता. मी तिला सांगितलं. ती परत तूर सोलायला लागली, एक शेंग, दुसरी शेंग... आणि एकदम म्हणाली, "मंग मी दगड नाही?" मी म्हटलं, दगड मी आहे. तेव्हा ती रडली. माझी लेक अकरावीत आहे, तिच्या मोबाइलमध्ये पाळीच्या तारखा मोजायचं काहीतरी आहे. त्या रात्री मी ते उघडून पाहिलं. त्याचा पहिलाच प्रश्न, रक्तस्राव कोणत्या तारखेला सुरू झाला? यंत्राला जे विचारायची अक्कल आहे ती मला नव्हती.

मी दुसरी माळ ओवली. आत्याबाईंना काही सांगायचं नाही असं वर्षाचं म्हणणं. देवघरात त्यांची माळ चालू दे, ही आपली कुटाराच्या खोलीत, दाराच्या मागच्या खिळ्याला. रोज सकाळी कुटार काढायला गेली की ती कडं सरकवायची. एका घरात दोन माळा, चार मण्यांचं अंतर. आणि प्रल्हादभाऊला ती स्वतः फोन करायला लागली, सासूच्या आधी. एकदा म्हणाली दात दुखतो, एकदा म्हणाली माहेरी सोडून द्या. तिसऱ्या खेपेला बहाणाच सुचेना तर सरळ म्हणाली, "तुमची आठोन आली." आला तो शेवचिवडा घेऊन, माळेच्या हुकमाशिवाय आलेला. हे सांगताना वर्षा अशी लाजली, मी म्हटलं, "अवं बाप्पा, नवी नवरी कुठली!" तिनं मला कुटाराची मूठ फेकून मारली. तिला इतकं खूष मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. मला ते तसंच आठवायला आवडलं असतं, तिथंच थांबून.

त्या महिन्यात पाळी आली नाही. सव्वीस झाले, तीस झाले, आमच्या माळेचे मणी संपले. मी कांडी घेऊन गेले तर तिनं माझा हात धरला. "आठ दिवस थांब संगे. ती एक रेघ मले आता नाही पाहवत. पक्कं होऊ दे." मी ऐकलं. आशा सेविका आहे मी, मला माहीत होतं की थांबायचं नसतं, तरी ऐकलं. चार दिवसांनी आत्याबाईंचीही माळ संपली आणि त्यांनी वर्षाला बसायला पाट दिला. पाट! शिऱ्यात तूप, उन्हात जाऊ नको, बादली उचलू नको. त्यांनी शेजारी सांगूनही टाकलं. मी दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षणाला खामगावला गेले.

तिथं तिचा फोन आला. "संगे, आली वं." आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. आत्याबाईंनी डाग पाहिला आणि पाट ओढून घेतला, 'चाल बाहेर' म्हणून. ती कुटाराच्या खोलीतून बोलत होती. मी म्हटलं, रडू नको, पुढचा महिना आहे, अजून आखजीला वेळ आहे. ती म्हणाली, एकाच बाजूनं लई दुखते. मी म्हटलं, लांबलेली आहे, दुखणारच. ती म्हणाली, खांदा बी दुखून राह्यला. मी म्हटलं, पोत्यावर झोपून आखडला असेल, गोळी घे. आणि वर शहाणपण शिकवलं, "कडं लालवर आन बरं. आजच. या बारीनं दिवस चुकवू नको." "हाव," ती म्हणाली. हेच आमचं शेवटचं बोलणं. एका बाजूचं दुखणं, खांद्यात कळ, लांबलेल्या पाळीनंतरचे डाग... हे तिन्ही एकत्र आले की काय असतं ते माझ्या वहीत आहे, माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून.

गर्भ राहिला होता. नळीत राहिला होता. ती पाळी नव्हतीच. नळी फुटली तिसऱ्या दिवशी सकाळी. शेजारणीनं कण्हणं ऐकलं, आत्याबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या पाळीत बायका कण्हतातच. दुपारी चहा द्यायला गेल्या तेव्हा कप दारातून आत सरकवला, हाक मारली, ओ आली नाही. तरी शिवायचं कसं म्हणून आधी प्रल्हादभाऊला फोन लावला, तो होता नागपूरच्या पुढं. गाडी मिळून रस्त्याला लागेपर्यंत ती संपली होती. खामगावच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं तेव्हा मी तिथं होते. आत्याबाईही होत्या. त्या पहिल्यांदा काय म्हणाल्या असतील? "म्हंजे पोर राह्यलं होतं!" आणि डोळ्याला पदर लावला. त्यानंतर गावात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं, ताठ मानेनं. पोर राह्यलं होतं तिले.

तेरावं झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी सवयीनं ओसरीवर बसले. "आत ये," त्या म्हणाल्या. "ते माळ काढून ने. मेलेलीची हाय, मी हात नाही लावत." अशा रीतीनं मी इतक्या वर्षांनी त्या घरात शिरले. देवघर एवढंसं, आमच्या मोरीएवढं. खिळ्याला माळ, मण्यांवर हळदकुंकवाचा थर, कडं शेवटच्या मण्यावर उभं, तिच्या न्हाण्याची वाट पाहत. मी माळ काढली आणि तिथंच सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून मोजायचं होतं आत्याबाई, बाहेर बसली त्या दिवसापासून. तुम्ही चार दिवस उशीर केला, तीन वर्षं. मला वाटलं त्या कोसळतील. मला त्या कोसळायला हव्या होत्या, खोटं कशाला सांगू. त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. "बाहेर बसलेल्या बाईनं देवाजवळच्या माळीले हात लावायचा का?" मी माळ पदरात बांधली. मी दाराशी आले तेव्हा मागून म्हणाल्या, "बरकत हाय पन तुह्या माळीत. पोर तर राह्यलं! आखजीनंतर नवी येईन, तिच्यासाठी एक करून ठेवजो." आणि मला चहाचं विचारलं.

मी चहा घेतला नाही. मागच्या गल्लीनं कुटाराच्या खोलीत गेले. खोली सारवून घेतली होती, पोतं नव्हतं, कोनाड्यात कप होता. दाराच्या मागं कोणी पाहिलंच नव्हतं. तिथं दुसरी माळ तशीच होती.

ती आता माझ्या घरी आहे, चुलीच्या वरच्या खिळ्याला. लेक म्हणते, काढ आई ती. सकाळी भाकरी थापताना माझं बोट कड्याकडं जातं आणि मी मागं घेते. कडं तिसऱ्या मण्यावर आहे. पहिल्या दिवशी तिनं ते लालवर आणलं, दुसऱ्या दिवशी सरकवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, पोटात रक्त साचत असताना, उठून दारापर्यंत जाऊन पुन्हा एक मणी पुढं केलं. मी सांगितलं होतं ना फोनवर. या बारीनं तिनं एकही दिवस चुकवला नाही.